बाईचा आवाज

सारिका उतेकर आवळणच्या धक्क्यावर लाँचमधून उतरली, धापा टाकत चढ चढली आणि पहिल्याच घराच्या अंगणात गेली. तिथे नाचणी पाखडत बसलेल्या शेवंताने मान वर करून विचारलं, "आता गं कशापायी आलीस? सकाळी बोललो की आपण."

सकाळी सारिका शेवंताशी बोललीच नव्हती. सकाळी सात वाजता ती बोरण्याच्या आरोग्य केंद्रात लशींच्या पेटीत बर्फ भरत होती. पण शेवंताही खोटं बोलत नव्हती. बरोबर सात वाजता तिच्या माजघरातल्या फळीवरच्या डबीतून सारिकाचाच आवाज आला होता. काकू, गुडघा काय म्हणतोय, असं त्याने विचारलं होतं. मग गुडघा, मुंबईतली सून आणि गाभण म्हैस या तिन्ही विषयांवर शेवंता त्या आवाजाशी चांगला अर्धा तास बोलली होती.

सारिकाने तरीही तिचा रक्तदाब मोजला, पायावर बोट दाबून सूज पाहिली. शेवंताने ते करू दिलं, पण पाहुणीचं मन राखावं तसं. चहा झाला. तिचा नवरा धाकलू शेलार गोठ्यातून आला, बरी आहेस ना म्हणाला आणि पुन्हा गोठ्यात गेला. तीन वर्षांमागे लाँच वळणावर दिसली की लोक धक्क्यावर येऊन उभे राहायचे, कुणी काठी टेकत, कुणी औषधाची रिकामी पाकिटं हातात धरून. आता कुणी येत नसे. तिच्याच आवाजाने तिची जागा घेतली होती आणि भांडायचं तर कुणाशी, हेही कळत नव्हतं.

धरणाचं पाणी आत शिरून तयार झालेल्या त्या खोऱ्यात चौदा गावं होती आणि रस्ता एकाही गावाला धड नव्हता. तरणी माणसं माथाडी कामाला नाहीतर रिक्षा चालवायला मुंबईला गेलेली. मागे उरले ते साठीच्या पुढचे, तीनशे बारा जण. बोरण्याच्या केंद्रात डॉक्टर टिकेना, औषधं वेळेवर येईनात. सरकारने पुष्कळ वर्षं हातपाय मारून पाहिले आणि शेवटी खोऱ्याचं सगळं प्राथमिक आरोग्य पाच वर्षांच्या करारावर सह्यस्वास्थ्य प्रतिष्ठान नावाच्या संस्थेकडे सोपवलं. सारिका तिथे वीस वर्षं कंत्राटी आरोग्यसेविका होती. टेबलं, खुर्च्या, वजनकाटा यांच्याबरोबर तीही संस्थेकडे वर्ग झाली.

संस्थेला नावं ठेवायला जागा नव्हती, हेही सांगायला हवं. आल्या आल्या त्यांनी लाँचचं इंजिन बदललं, सौर फ्रिज आणला, आणि रक्तदाबाच्या गोळ्या कधी नव्हे त्या महिनोन् महिने संपल्या नाहीत. मग त्यांनी घराघरात ती डबी बसवली. कागदोपत्री तिचं नाव संवादिनी. लोक मात्र डबीच म्हणत.

डबीमागचं विज्ञान असं. माणसाचं हृदय थकलं की शरीरात पाणी साठू लागतं. पायावर सूज दिसायला दिवस लागतात, पण गळ्यातल्या स्वरपडद्यांना ते फार आधी कळतं. ते पडदे इतके नाजूक असतात की जराशा पाण्यानेही जड होतात आणि त्यांचा कंप बदलतो. वाक्य पुरं होण्याआधीच श्वास घ्यावा लागतो. आपल्या कानाला यातलं काही उमगत नाही. यंत्राला उमगतं, कारण ते शेवंताचा आवाज दुसऱ्या कुणाच्या आवाजाशी ताडून पाहत नाही. ते आजच्या शेवंताला कालच्या शेवंताशी ताडतं. दमा असो, कंपवात असो की मेंदूत अडकू पाहणारी गुठळी, प्रत्येकाची चाहूल बोलण्यात आधी लागते. अट एकच. माणसाने रोज निदान सात मिनिटं मोकळेपणाने बोललं पाहिजे.

घोडं पेंड खात होतं ते तिथेच. पहिल्या डब्या कुणा शहरी मुलीच्या गोड आवाजात बोलायच्या. म्हातारी माणसं अदबीने "बरं हाय" म्हणायची आणि कामाला लागायची. बरं हाय या दोन शब्दांत कुणाचं हृदय कळणार? मग संस्थेच्या कार्यक्रम अधिकारी मृण्मयी दाबके यांना कल्पना सुचली, की हा आवाज सारिकाताईंचाच का असू नये?

सारिकाला पुण्याला नेलं. चारी भिंतींना आवाज शोषणारा जाड नमदा लावलेल्या खोलीत बसून तिने अकरा दिवस सहा हजार वाक्यं वाचली. खरं सांगायचं तर तिला फार बरं वाटलं होतं. वीस वर्षं जो आवाज तिने चढ-उतारांवर, धक्क्यांवर, बाळंतिणींच्या उशाशी खर्ची घातला, त्याला पहिल्यांदाच कुणीतरी किंमत दिली होती. नव्या डब्या आल्या आणि खोरं बोलू लागलं. एका वर्षात हृदयाच्या रुग्णांना धावपळ करून साताऱ्याला न्यायची वेळ तेवीसवरून सहावर आली. जी सतरा माणसं वाचली, त्यांना ती नावानिशी ओळखत होती.

मात्र करारात भेट या शब्दाची व्याख्या होती. भेट म्हणजे नोंदणीकृत व्यक्तीशी सलग सात मिनिटांचं संभाषण. कुणी केलेलं, कुठे बसून केलेलं, याबद्दल करार गप्प होता. डबीच्या भेटी दिवसाला तीनशेवर जात, सारिकाच्या जेमतेम वीस. मग आठवड्यातल्या चार फेऱ्यांच्या दोन झाल्या. उरलेले दिवस ती केंद्रात पडद्यासमोर बसून डबीने धोक्याची म्हणून वेगळी काढलेली संभाषणं वाचत राही.

अशीच एकदा तिला खिरखिंडीतल्या स्वतःच्या आईची नोंद दिसली. 'घेरी येऊन चुलीपाशी पडली. कोपर खरचटले. विनंती: सारिकाला सांगू नये.'

तिने ते तीनदा वाचलं. आईने सारिकाच्याच आवाजाला सांगितलं होतं, की सारिकाला सांगू नको. रविवारी ती खिरखिंडीला गेली, कोपर पाहिलं, गोळी बदलली आणि शेवटी न राहवून विचारलंच, की मला न सांगता त्या डबीला का सांगितलंस. आई आधी उडवाउडवी करत राहिली. मग म्हणाली, "मला काय कळत न्हाई व्हय ती मशीन हाय ते? पर ती घाईत नसती गं."

सारिका त्यावर हसली. परतताना मात्र लाँचच्या मागच्या फळीवर पाण्याकडे तोंड करून बसली आणि बोरणं येईपर्यंत रडली. आई खरंच बोलली होती. सारिका कायम घाईत असे. तिची घाई गावोगावच्या म्हातारपणापायी होती, पण आईला त्याचं काय?

आश्विनात गवतकापणी सुरू झाली. एका मंगळवारी भर दुपारी शेवंता बांधावरचा भारा बांधून घरी आली, फळीखाली बसली आणि डबीला म्हणाली, "बाई, पायाला पान लागलंय."

त्या खोऱ्यात सापाचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की तो येतो, अशी समजूत. दिसला तर लांबडं दिसलं म्हणायचं आणि चावला तर पान लागलं. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. डबीला ठाऊक नव्हतं.

डबीने सारिकाच्या आवाजात, अगदी आपुलकीने, कोणत्या झाडाचं पान म्हणून विचारलं. 'रुग्ण हसली' अशी तिथे नोंद आहे. मग शेवंता म्हणाली, झाडाचं नव्हे गं, पान, पान. डबीला वाटलं खाजकुइली असेल, नाहीतर बिब्बा उतला असेल. तिने पाय साबणाने धुवायला सांगितला, खाजवू नका म्हणाली आणि संध्याकाळी पुन्हा विचारते असं सांगितलं. संध्याकाळी तिने खरोखरच विचारलं. पाय सुजलाय, ठणकतोय, शेवंता म्हणाली. उशी घेऊन पाय उंच ठेवा, डबी म्हणाली. शेवंताचा आवाज कालच्यासारखाच होता. श्वास नीट, कंप नीट. ते फुरसं होतं, आणि फुरशाचं विष आवाजाला शिवत नाही. ते रक्ताची गोठायची ताकद काढून घेतं, तेही सावकाश, एक-दोन दिवस घेऊन. डबीने 'त्वचेचा दाह, सौम्य' असं लिहिलं. ती नोंद सारिकाच्या पडद्यावर आलीच नाही. त्या विषावरचं इंजेक्शन केंद्राच्या फ्रिजमध्ये होतं, आवळणपासून लाँचने चाळीस मिनिटांवर.

गुरुवारी सकाळी शेवंताच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा धाकलूने आरडाओरडा करून लाँच थांबवली. बोरण्याच्या धक्क्यावर तिला उचलून आणलं आणि सारिकाने पावलावरचे ते दोन ठिपके पाहिले. एका नजरेत तिला कळलं. तिने इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं, साताऱ्याला गाडी सांगितली. शेवंता शुद्धीवर होती. सारिकाचं मनगट धरून ती म्हणाली, "तू सांगितलंस तसा धुतला बाई मी पाय."

साताऱ्याच्या वाटेवर ती गेली.

दहा दिवसांनी मृण्मयी दाबके चौकशीसाठी बोरण्याला आल्या. चाळिशीच्या आतल्या, हुशार आणि मनाने चांगल्या. आल्या आल्या त्यांनी पडद्यावर एक तक्ता उघडला. पुण्याच्या मुक्कामात रोज संध्याकाळी सारिकाने तो भरला होता. एका बाजूला अकराशे चाळीस दुखणी, दुसऱ्या बाजूला त्यांना खोऱ्यात काय म्हणतात ते. कळ, चमक, ठणका, वळ, उसण, कुठला म्हणून शब्द तिने सोडला नव्हता. आठशे बाराव्या ओळीत डावीकडे सर्पदंश होतं आणि उजवीकडे तिनेच लिहिलेलं, साप चावणे.

मृण्मयीबाईंनी विचारलं नाही, पण सारिकाला ती संध्याकाळ लख्ख आठवत होती. पान हा शब्द तिच्या बोटांशी आला होता. वीस वर्षं गावोगावच्या सभांत ती कानीकपाळी ओरडत आली होती, की साप म्हणा, पान म्हणू नका, डॉक्टरला कळत नाही, जीव जातो. लोक माना डोलवायचे. तिच्यासमोर तरी सगळे साप म्हणायचे. आता तक्ता तपासणाऱ्या पुण्याच्या पोरीसमोर पान लिहायचं म्हणजे आपल्या वीस वर्षांच्या शिकवणीतून काही निष्पन्न झालं नाही अशी कबुली देणं. तिला लाज वाटली आणि तिने साप चावणे असं लिहिलं. स्वतःच्या घरी, आईच्या चुलीपुढे, तीही पानच म्हणायची. हे आठवलं की तिला स्वतःचं तोंड पाहू नये असं होई.

मृण्मयीबाईंनी सांगितलं की अहवालात 'रुग्णाने लक्षण स्पष्ट सांगितले नाही' असं येईल. सारिकाचं नाव कुठेच येणार नाही. शब्द आता घातला आहे, पुन्हा अशी चूक होणार नाही. मग त्यांनी दुसरे कागद काढले. करार आणखी पाच वर्षांसाठी होत होता. सारिकाचा आवाज पाच वर्षं वापरायची परवानगी हवी होती. लाँचने होणाऱ्या सारिकाच्या फेऱ्या बंद होणार होत्या, कारण भेटी डबीच पुऱ्या करत होती. सारिकाला साताऱ्याच्या कार्यालयात संवादप्रमुख म्हणून जागा होती.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

दुसरा आवाज घालू, मृण्मयीबाई म्हणाल्या. लोक वर्षभर तरी कमी बोलतील. यंत्राच्या हातून काही सुटेल. "दोन-चार माणसं जातील, सारिकाताई. मी खोटं कशाला सांगू? कोण ती, ते कदाचित तुम्हाला आत्ताही ठाऊक असेल."

सारिकाला ठाऊक होतं. निवळीचा बाळू जंगम, ज्याचं हृदय डबीनेच दोनदा सावरलं होतं. आणि कदाचित तिची आई. सही केली तर ही माणसं राहतील, पण खोऱ्यात पुन्हा कुणी परिचारिका पाऊल टाकणार नाही. त्यांचा पाय हातात घेऊन पाहायला कुणी नसेल. सही केली नाही तर यांतली काही जातील आणि ती आपल्यामुळे गेली हे तिला जन्मभर माहीत असेल. तिने आठ दिवस मागून घेतले.

शेवंताचं तेरावं होऊन गेलं होतं. मुलं मुंबईला परतली होती. सारिका आवळणला गेली ती धाकलूला सगळं सांगून टाकायचं ठरवूनच. अंगणात पोचली आणि आतून स्वतःचा आवाज ऐकून थबकली.

डबी विचारत होती की आज जेवलात का. धाकलू म्हणाला, घास उतरत नाही. मग तो म्हशीबद्दल सांगू लागला. ती व्यायली होती, रेडकू अशक्त होतं, शेवंता असती तर तिने चिकाचं दूध गल्लीभर वाटलं असतं. मधूनच त्याचं वाक्य अर्धं राही. डबी थांबायची, पुरेसं थांबायची, आणि मग हळूच एखादी गोष्ट विचारायची. सारिका बाहेर उभी राहून ऐकत होती. सोळा घरं राहिली आहेत आणि लाँच सुटायला दीड तास आहे, हे डोक्यात ठेवून तिला इतकं चांगलं बोलता आलंच नसतं. तिला त्या आवाजाचा हेवा वाटला, आणि तो आपलाच आहे म्हणून जास्त वाटला.

ती आत गेली. धाकलूने डबीला "थांब जरा, कुणी आलंय" म्हटलं आणि सारिकाला पाहून तो ओशाळला. ती खाली बसली आणि तिने काही न झाकता सांगितलं. तक्ता, आठशे बारावी ओळ, लाज, सगळं. पान म्हणजे काय हे डबीला सांगायचं काम माझं होतं आबा, आणि मी ते केलं नाही, असं ती म्हणाली.

धाकलू चिडेल, हाकलून देईल, असं तिला वाटलं होतं. त्याने हाकललं असतं तर तिला सोसलं असतं.

"मला कशाला सांगितलंस ह्ये?" तो म्हणाला. "आता मी बोलू कुणाशी?"

खरं बोलून तिने स्वतःच्या छातीवरचा दगड उतरवला होता आणि म्हाताऱ्याच्या घरातला उरलासुरला आवाज काढून घेतला होता. ती तशीच उठली आणि चढ उतरून धक्क्यावर येऊन बसली.

आठव्या दिवशी तिने सही केली नाही. एक पत्र लिहिलं. शेवंता शेलार यांनी लक्षण स्वच्छ सांगितलं होतं, तक्ता भरताना चूक माझ्याकडून झाली, असं त्यात होतं. माझा आवाज हवा असेल तर आठवड्याच्या चार फेऱ्या करारात लिहून द्या, असंही होतं. बाळू जंगमचा चेहरा समोर येत असताना तिने ते लिहिलं. पण आपला आवाज कुणाला पाय धुवायला सांगतो आणि तो पाय बघायला आपण तिथे नसतो, हे तिला यापुढे सहन होणार नव्हतं. ते बरोबर की चूक, हे तिला सांगता येत नव्हतं.

मृण्मयीबाईंनी तिच्यासाठी वरपर्यंत खटपट केली, फोनवर त्या रडल्याही. पण फेऱ्या वाढवायच्या तर करार दुसऱ्या संस्थेकडे गेला असता. एक तारखेला डब्यांचा आवाज बदलला. सारिकाची नेमणूक मुदत संपली म्हणून संपली. ती खिरखिंडीला आईकडे राहायला गेली. आईने तिच्याशी अबोला धरला. आता लेक चोवीस तास घरात होती, घाई कसलीच नव्हती, आणि आई फळीवरच्या परक्या आवाजाला बरं हाय म्हणून चुलीकडे वळत होती. पंधरा दिवसांनी निवळीहून निरोप आला, की बाळू जंगमचे पाय गुडघ्यापर्यंत सुजले, दम लागला, तेव्हा कुठे त्याला साताऱ्याला नेलं. वाचला, पण थोडक्यात. त्या दिवशी सारिकाला अन्न गेलं नाही.

मग एका दुपारी तिने तिकीट काढलं आणि लाँचमध्ये इतर उतारूंसारखी बसली. बरोबर पिशवी नव्हती, रक्तदाबाचं यंत्र नव्हतं. कुठे निघालीस, असं लाँचवाल्याने विचारलं तेव्हा तिला सांगता येईना. आवळणच्या धक्क्यावर ती उतरली.

धाकलू ओट्यावर बसला होता. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. त्याने ये म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही. सारिका ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. शेजारीण सांगून गेली, की महिनाभर म्हातारा डबीशी बोललेला नाही, माणसांशीही नाही. दुपार कलली. गोठ्यातलं रेडकू हंबरलं तेव्हा धाकलू उठला, त्याला आईखाली लावून परत आला आणि पुन्हा बसला. माफी मागून झाली होती. तब्येत विचारायचा तिला आता अधिकार नव्हता. ती नुसती बसून राहिली. वीस-पंचवीस वर्षांत या अंगणात ती इतका वेळ कधीच बसली नव्हती.

उन्हं समोरच्या डोंगरावर गेली तेव्हा धाकलू पाण्याकडे बघत बोलू लागला.

"त्या मंगळवारी सांजच्याला शेवंता म्हणली, लाँच बोलवा. ह्ये धुवून जायाचं न्हाई, पान हाय. मला ठावं व्हतं पान म्हंजी काय. मला डबीनं शिकवाय पायजे व्हतं व्हय?" तो थांबला. "मी म्हणलं, गप पड. बाई सांगतीया ना, मंग."

सारिकाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"ती दोनदा म्हणली, बाई. दोनदा. मला म्हस सोडून जायाचा कटाळा आला व्हता, येवडंच. ती व्यायला झाली व्हती." त्याने पंच्याने तोंड पुसलं. "पोरास्नी न्हाई सांगितलं. डबी रोज इचारायची, मनात काय हाय म्हून. तिला बी न्हाई सांगितलं."

डबीकडे यावर काहीतरी उत्तर असतं, आणि ते बहुधा चांगलंच असतं. सारिकाकडे काही नव्हतं. ती सरकत त्याच्याजवळ गेली आणि दोघंही रडली. तो आवाज न करता रडला, ती मोठ्याने.

खाली धक्क्यावर शेवटच्या लाँचचा भोंगा वाजला. जा, चुकंल, असं धाकलू म्हणाला.

"चुकू दे," सारिका म्हणाली. ती उठून आत गेली, चुलीपुढे बसली आणि तिथूनच तिने विचारलं, "तांदूळ कशात ठेवलेत, आबा?"

धाकलू दारात येऊन उभा राहिला. त्यालाही ते नक्की माहीत नव्हतं. मग दोघं मिळून एकेक डबा उघडून पाहू लागले.